त्रिकोण तोच, अक्षरं वेगळी

भूमितीच्या पेपरात पायथागोरसचं प्रमेय दिसलं तेव्हा मला जवळजवळ हसूच फुटलं होतं. ते मला इतकं पाठ होतं की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी एका दमात म्हणून दाखवलं असतं. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. कुठल्या ओळीनंतर कंसात कोणतं कारण येतं, हेही ठाऊक. पुस्तकातला त्रिकोण होता एबीसी आणि काटकोन होता बी पाशी. मी पेनाचं टोपण काढलं आणि प्रश्न नीट वाचला. इथे त्रिकोण होता पीक्यूआर. काटकोन आर पाशी.

आता हसायला येतं, पण तेव्हा घाम फुटला होता. मग मला एक युक्ती सुचली. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं छोटा तक्ता केला: ए म्हणजे पी, बी म्हणजे क्यू, सी म्हणजे आर. पाठ केलेली सिद्धता मनातल्या मनात म्हणत गेले आणि एकेक अक्षर बदलून उतरवत गेले. एक ओळ चुकली नाही, एक कारण सुटलं नाही. फक्त माझ्या सिद्धतेत काटकोन क्यू पाशी होता. म्हणजे मी प्रमेय अगदी बिनचूक सिद्ध केलं होतं, पण भलत्याच त्रिकोणाचं. पाचपैकी एक गुण मिळाला, तोही बहुधा आकृती पट्टीनं काढली होती म्हणून. समासात लाल शाईनं चारच शब्द होते: 'काटकोन नेमका कुठे आहे?'

त्या गुणांचं दुःख केव्हाच विरलं. दुसरीच एक गोष्ट अजून टोचते. पेपरच्या दिवशी सकाळी मला कुणी विचारलं असतं, की हे तुला समजलंय की नुसतं पाठ आहे, तर मी छातीठोकपणे म्हटलं असतं, 'समजलंय की!' आणि मी खोटं बोलत नसते. मला खरंच तसं वाटत होतं.

आपल्या भाषेत यासाठी क्रियापदांची चैन आहे. कळणं, समजणं, उमजणं, उमगणं, पचनी पडणं, डोक्यात शिरणं. शिवाय 'कळतं पण वळत नाही' हे आहेच. एवढी बारीक वर्गवारी असूनही आतून चाचपायला गेलं की सगळं सारखंच लागतं. तोंडपाठ असलेली गोष्ट विनासायास आठवते, आणि विनासायास आठवण्यालाच आपण समजणं समजून बसतो. घोकंपट्टी करणारा माणूस फसवत असतो असं आपण धरून चालतो. माझा अनुभव असा, की त्यात पहिल्यांदा फसतो तो स्वतःच.

हे ताडून पाहायचं असेल तर एक कोरा कागद घ्या आणि सायकल काढा. सजवलेली नको, चालेल अशी. दोन चाकं, मधला सांगाडा, पायडल, साखळी. २००६ साली लिव्हरपूल विद्यापीठातल्या रेबेका लॉसन यांनी याच विषयावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. सांगाडा कुठून कुठे जातो, पायडल कुठे असतं, साखळी कशावरून फिरते, एवढंच त्यांनी लोकांना विचारलं होतं. पुष्कळांचं चुकलं, आणि त्यांत सायकल चालवणारेही होते. हे वाचून मी जरा तुच्छतेनंच कागद ओढला. माझ्या सायकलची साखळी पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत गेली. किती तरी वर्षं सायकल चालवलेल्या बाईनं काढलेलं चित्र हे! अशा सायकलचं हँडल वळवायला गेलं तर साखळी तरी तुटेल नाही तर मी तरी पडेन. चित्र पुरं होईपर्यंत मला जराही शंका आली नव्हती. सायकल म्हटल्यावर डोळ्यांपुढे आख्खी सायकल उभी राहत होती की! पण डोळ्यांपुढे उभं होतं ते सायकल या शब्दाचं चित्र, त्यात साखळीला काहीच काम नव्हतं.

माझ्या भाचीमुळे हे प्रकरण जरा लांबलं. ती अकरा वर्षांची आहे आणि तिला 'का' विचारायची खोड आहे. एकदा ती अपूर्णांकांचे भागाकार करत बसली होती. दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं. वहीत सगळी उत्तरं बरोबर. मध्येच तिनं विचारलं, "मावशी, उलटा का करायचा?"

"तसा नियम आहे," मी म्हटलं.

"ते माहितीय. पण का?"

मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आयुष्यात हजारभर अपूर्णांक तरी मी उलटे केले असतील, एकालाही का म्हणून विचारलं नव्हतं. मोठ्या माणसांकडे अशा वेळी एक हुकमी वाक्य असतं, 'पुढच्या इयत्तेत कळेल.' ते जिभेवर आलंही होतं. पण तिच्या पुढच्याच काय, त्याच्या पुढच्याही सगळ्या इयत्ता मी करून चुकले होते आणि तिथे ते मला काही कळलेलं नव्हतं.

मग आम्ही वहीचं एक पान फाडलं आणि लांब पट्ट्या कापल्या. सगळ्या एकाच मापाच्या. एक पट्टी म्हणजे एक. मी विचारलं, भागाकार म्हणजे काय? ती म्हणाली, वाटणं. म्हटलं, आणखी काय? जरा थांबून म्हणाली, "किती वेळा बसतं ते बघणं. बारा भागिले तीन म्हणजे बारात तीन किती वेळा बसतात." छान. मग एक भागिले एक तृतीयांश? तिनं पट्टीच्या तीन घड्या घातल्या. तीन वेळा. इथे उलटं झालेलं दिसतंय, पण हे फारच सोपं होतं, त्यावर आमचं दोघींचंही समाधान होईना.

मग एक भागिले दोन तृतीयांश. तिनं दुसऱ्या पट्टीच्या तीन घड्या घातल्या, त्यातले दोन भाग ठेवून एक कापून टाकला. हा उरलेला तुकडा आख्ख्या पट्टीवर ठेवला. एकदा बसला. पट्टीचा एक भाग उघडा राहिला. "उरला एक तृतीयांश," ती म्हणाली. मी म्हटलं, पण आपण तृतीयांश मोजत नाही, तुझा हा तुकडा मोजतोय. उघड्या जागेत या तुकड्यातलं किती मावेल? तिनं तुकडा हातात धरून त्याच्याकडे पाहिलं, त्याची मधली घडी पाहिली. "अर्धा. म्हणजे दीड वेळा." दीड तिनं कागदावर लिहिलं, आधी एक पूर्णांक एक द्वितीयांश असं, मग तीन खाली दोन असं. आणि गप्प झाली. समोर दोन खाली तीन, शेजारी तीन खाली दोन.

मी पण गप्पच होते. उलटा अपूर्णांक म्हणजे एका साध्या प्रश्नाचं उत्तर होतं: एकात हा किती वेळा बसतो? एकात दीड वेळा बसत असेल तर चारात त्याच्या चौपट, पावात त्याच्या पाव. म्हणून गुणायचं. नियम कुणी वरून लादलेला नव्हता, पट्टीच्या घडीतच होता. पुढची दहा मिनिटं भाची घरभर 'दीड, दीड' करत फिरत होती. मला आनंद झाला हे खरं, पण थोडं चिडायलाही झालं. एवढंसंच तर होतं. कागद आणि कात्री. मग इतकी वर्षं मी काय करत होते?

खरं सांगायचं तर, बरोबर उत्तरं देत होते. पाठ केलेल्या गोष्टीची हीच गंमत आहे, ती बरोबर उत्तर देत राहते आणि त्यामुळे आपल्याला आत डोकवायची वेळच येत नाही.

ऋतूंचं तसंच. 'ऋतू का होतात?' या प्रश्नाला 'पृथ्वीचा अक्ष २३.५ अंशांनी कललेला असल्यामुळे' असं लिहून मी नेहमी पूर्ण गुण घेतले. मनात मात्र निराळंच होतं, सूर्याजवळ गेलो की उन्हाळा आणि लांब गेलो की हिवाळा. उत्तर आणि समजूत, दोघी शेजारणी एकमेकींशी न बोलता सुखानं नांदत होत्या. यात मी एकटी नाही. १९८७ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाच्या वेळी पदवीधर, माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक अशा २३ जणांना कॅमेऱ्यासमोर ऋतूंबद्दल किंवा चंद्राच्या कलांबद्दल विचारलं गेलं, तेव्हा २१ जणांचा घोटाळा झाला. काळा झगा, हातात पदवी, आणि 'सूर्य जवळ येतो म्हणून'!

वास्तविक पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. जुलैच्या सुरुवातीला ती असते साधारण १५.२ कोटी किलोमीटरवर. म्हणजे उत्तर गोलार्ध थंडीनं गारठलेला असतो तेव्हाच आपण सूर्याच्या जवळ असतो. आणि त्याच वेळी दक्षिण गोलार्धात उन्हाळा असतो, ही एकच गोष्ट 'जवळ-लांब'चं सगळं दुकान बंद करायला पुरे. हे दोन्ही मला माहीत होतं. फक्त तिसऱ्या गोष्टीशेजारी ठेवून कधी पाहिलं नव्हतं.

टॉर्च घेऊन भिंतीवर सरळ मारली तर लहान, लख्ख गोल पडतो. तीच तिरकी धरली तर गोल लांबट होतो, पसरतो आणि फिका पडतो. टॉर्च तीच, सेल तेच, उजेड तेवढाच, फक्त तो आता जास्त जागेला वाटला गेलाय. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असेल तर तेवढंच ऊन डोक्यावरच्या सूर्याच्या मानाने दुप्पट जमिनीवर पसरतं. अक्ष कललेला म्हणून वर्षातून काही महिने आपल्याकडे टॉर्च सरळ, काही महिने तिरकी, आणि दिवसही त्या मानानं मोठा-लहान. हे एकदा भिंतीवर पाहिल्यानंतर २३.५ हा आकडा मला पाठ करावा लागला नाही. आणि विसरला असता तरी बिघडलं नसतं.

हार्वर्डमधलेच पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी आपल्या वर्गाला एकदा अगदी साधे, शब्दांत विचारलेले प्रश्न दिले. सूत्र नाही, आकडेमोड नाही. जड ट्रक आणि हलकी मोटार यांची धडक झाली तर कोण कुणावर जास्त जोर लावतं, अशा जातीचे. तेव्हा एका विद्यार्थिनीनं विचारलं, की याची उत्तरं तुम्ही शिकवलंत त्याप्रमाणे लिहू की मी एरवी जसा विचार करते त्याप्रमाणे? माझूर यांनी पुढे आपली शिकवण्याची पद्धतच बदलली. (हार्वर्डची ही दुसरी फजिती झाली, पण त्यांनी निदान विचारून तरी पाहिलं.) मला त्या मुलीचं फार कौतुक वाटतं. आपल्या डोक्यात दोन वेगळ्या वह्या आहेत हे तिला ठाऊक होतं. मला माझ्या दोन वह्यांचा पत्ताच नव्हता.

एवढं सगळं लिहिल्यावर पाठांतराला झोडपायला हवं, तशी पद्धत आहे. पण ते माझ्याच्यानं होणार नाही. पाढे मला पाठ आहेत आणि ते आहेत म्हणूनच हिशेब करताना डोकं मोकळं राहतं. सात आठे छप्पन्न का, हे प्रत्येक वेळी मांडत बसले तर पट्टीच्या घडीपर्यंत पोचेपर्यंत रात्र होईल. कविता पाठ असते म्हणून ती भलत्या वेळी, अर्ध्या रस्त्यात, अचानक कळते. आधी ओठांवर आणि मग कधी तरी खोल, असाही क्रम असतो, आणि तो खोटा नाही.

उलट अर्थ लागला की पाठांतर स्वस्त पडतं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसानं स्मरणशक्ती मोजायला स्वतःलाच कामाला जुंपलं. सुमारे २३०० निरर्थक अक्षरजोड तयार केले, त्यांच्या याद्या घोकल्या आणि १८८५ साली निष्कर्ष छापले. त्यानं अर्थ असलेल्या कवितेची कडवीही पाठ करून पाहिली. तेवढ्याच लांबीच्या निरर्थक यादीला लागणाऱ्या कष्टांच्या साधारण दहाव्या हिश्श्यात ती पाठ झाली. १९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी बुद्धिबळ खेळणाऱ्यांना खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवला आणि मोहरी आठवून मांडायला सांगितली. निष्णात खेळाडूनं एका नजरेत सोळाच्या आसपास बरोबर मांडली, नवख्यानं चार. मग मोहरी पटावर वाटेल तशी विखरून ठेवली, तर तो निष्णातही नवख्याच्या रांगेत येऊन बसला. त्याची स्मरणशक्ती दांडगी नव्हतीच. तो मोहरी बघतच नव्हता, त्याला डाव दिसत होता.

'सोपं करून सांगा' या आग्रहाचीही मला अलीकडे जरा भीती वाटते. विजेचा प्रवाह म्हणजे नळातलं पाणी, ही उपमा मी अनेकांना ऐकवली आहे. उंचावरची टाकी म्हणजे व्होल्टेज, नळाची जाडी, वगैरे वगैरे. ऐकणारा मान डोलावतो, सांगणारा खूष. भाचीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग वायर कापली की वीज खाली का सांडत नाही?"

नळ कापला तर पाणी धो धो वाहतं. तार कापली तर प्रवाह थांबतो. माझी लाडकी उपमा पहिल्याच कात्रीला तुटली, आणि लक्षात आलं की सिद्धतेची घोकंपट्टी सोडून मी उपमेची धरली होती. वही बदलली, बाई तीच. मग शोधत बसले तेव्हा कळलं की तारेत इलेक्ट्रॉन आधीपासूनच ठासून भरलेले असतात. दिवा लागतो तेव्हा बटणापासून दिव्यापर्यंत कुणी धावत जात नाही, आख्खी रांग एकदम सरकू लागते. एकेका इलेक्ट्रॉनचं हे सरकणं सेकंदाला जेमतेम मिलिमीटरभर, बहुतेकदा त्याहूनही कमी. आणि कापलेल्या टोकापाशी हवा असते, ती त्यांना पुढे जाऊ देत नाही, म्हणजे तोंडाशी बूच बसलेला नळच. उपमा टाकून द्यावी लागली नाही, तिची हद्द तेवढी कळली.

हे सगळं वेळखाऊ आहे. रोज प्रत्येक गोष्टीच्या पट्ट्या कापत बसलं तर जगणं अवघड होईल, आणि मी कापत नाही. औषधाचं वेळापत्रक, पासवर्ड, गाडीच्या वेळा यांच्यापुढे मी मुकाट्यानं पोपट होते. मीटिंगमध्ये कुणी तीन मोठे शब्द एका वाक्यात घातले की अजूनही माझी मान आपोआप हलते. पण आता मान हलताना जाणवते, एवढा फरक पडलाय. कधी कधी धीर करून विचारतेही, की याचं एखादं उदाहरण द्याल का. निम्म्या वेळा बोलणाराच अडखळतो. त्या अडखळण्यात मला माझा पीक्यूआर दिसतो, म्हणून हसायचा धीर होत नाही.

तर, पायथागोरस. मागच्या सुट्टीत जुनं ऋण फेडायचं म्हणून भाचीला घेऊन बसले. अट एकच, कुठल्याही कोपऱ्याला नाव द्यायचं नाही. जाड कागदाचे दोन सारखे काटकोन त्रिकोण कापले. एक तसाच ठेवला. दुसऱ्याच्या काटकोनापासून समोरच्या लांब बाजूवर सरळ घडी घातली आणि घडीवर कापलं. दोन लहान त्रिकोण मिळाले. ते ठेवून दिलेल्या मोठ्यावर लावून पाहिले. जुळेनात. तिनं ते पालथे केले, फिरवले, आणि एकेक करून दोन्ही त्याच्या कोपऱ्यात चपखल बसले. तोच आकार, फक्त लहान. एकाचा कर्ण म्हणजे मोठ्याची एक बाजू, दुसऱ्याचा कर्ण म्हणजे मोठ्याची दुसरी.

बाकी काम तिनंच केलं. मोठ्याच्या बाजू तीन, चार, पाच धरल्या तर त्याचं क्षेत्रफळ सहा आणि त्याच्या कर्णावर उभा केलेला चौरस पंचविसाचा. म्हणजे त्रिकोण हा त्या चौरसाचा सहा पंचविसांश. आकार तोच असल्यामुळे लहानही आपापल्या कर्णावरच्या चौरसाचे तेवढेच हिस्से असणार. नवाचा सहा पंचविसांश २.१६, सोळाचा ३.८४. तिनं बेरीज केली. सहा. लहान दोघं मिळून मोठा होतो हे तर आम्ही कात्रीनंच केलं होतं, मग त्यांचे चौरस तरी वेगळं कसं वागतील? नऊ आणि सोळा, पंचवीस.

"मावशी, पण काटकोन नसेल तर?"

तिनंच एक पसरट त्रिकोण कापला, तशीच घडी घातली आणि कापला. दोन तुकडे पालथे घातले, फिरवले, परत सुलटे केले, मोठ्याच्या तिन्ही कोपऱ्यांत लावून पाहिले. मग ते बाजूला ठेवून म्हणाली, "यांना दोघांना काटकोन आहे आणि त्याला नाहीच आहे. हे त्याच्यासारखे दिसणार कसे?"